टॅप तुटला? आधी भोक बघा!

स्टेनलेसच्या जॉबमध्ये टॅप तुटला की शॉपमध्ये पहिला राग निघतो टॅपवर. मग टॅप विकणाऱ्यावर, आणि शेवटी मशिनवर उभ्या असलेल्या पोरावर. ज्या ड्रिलने मिनिटभरापूर्वी ते भोक पाडलं, ते मात्र ट्रेमध्ये निवांत पडून असतं. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. माझं ठाम मत आहे की स्टेनलेसमधल्या आट्यांच्या बहुतेक भानगडी टॅप भोकात शिरायच्या आधीच ठरलेल्या असतात. भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, दुखणं हेच. आणि या दुखण्याच्या आसपास इतक्या भन्नाट गोष्टी दडल्या आहेत की त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घासलं की कडक

304 हा आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा ग्रेड. क्रोमियम साधारण 18 टक्के, निकेल 8 टक्के, म्हणून त्याचं नाव 'अठरा-आठ'. मऊ अवस्थेत तो तसा शांत असतो. पण दाबा, वाकवा, घासा, की नेमका त्याच जागी कडक होत जातो. धार गेलेलं ड्रिल त्याच्यावर कापत नाही, नुसतं घासत बसतं, आणि घासलेला थर मूळ धातूच्या दुपटीपर्यंत कडक होऊ शकतो. वरून बघाल तर भोक चकचकीत आणि मापात बरोबर. आतल्या भिंतीवर मात्र एक पातळ, टणक कवच चढलेलं असतं, आणि टॅपच्या दातांना पहिली टक्कर घ्यावी लागते ती त्या कवचाशी.

हे तपासायला साधं लोहचुंबक पुरतं. 304 ची कोरी पट्टी चुंबकाला जवळपास दाद देत नाही. आता त्याच पट्टीला ड्रिल मारा आणि निघालेली बर चुंबकाजवळ न्या. कण हलायला लागतात, काही चक्क चिकटतात. ताण पडल्यावर धातूची आतली रचना काही अंशी बदलते, ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं, आणि मार्टेन्साइट चुंबकाकडे ओढलं जातं. धातू कडक झाल्याची ही खूण तळहातावर बघायला मिळते.

जाता जाता भांड्यांच्या दुकानातल्या चुंबक-परीक्षेबद्दलही सांगून टाकतो. 304 चं अस्सल पातेलं वळवलेल्या काठाशी चुंबकाला थोडं चिकटू शकतं, कारण तिथे पत्रा ताणला गेलाय. 430 हा ग्रेड पुरता चिकटतो, तरी तोही स्टेनलेसच. आणि कमी निकेलचा 200 मालिकेतला माल मजेत चुंबकाला हुलकावणी देतो. तेव्हा नुसत्या चुंबकावर विसंबून खरेदी करू नका.

सेंटर पंचसुद्धा याच हिशोबात येतो. जोरात घाव घातला की नेमका तोच बिंदू कडक होतो जिथे ड्रिलचं टोक टेकणार आहे. स्टेनलेसवर पंच हलक्या हाताने मारावा. ड्रिल एकदा लागलं की दाब सोडू नये. एका जागी थांबून नुसतं फिरत राहिलेलं ड्रिल म्हणजे कवच घडवण्याचा कारखाना. 5.1 मिलिमीटरच्या कोबाल्ट ड्रिलला 304 मध्ये मिनिटाला 750 फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि फीड सतत चालू द्या. टोकाचा कोन 135 अंशांचा असलेलं स्प्लिट-पॉइंट ड्रिल मध्यापासून लवकर पकडतं आणि पृष्ठभागावर भटकत नाही.

'टॅप राहू दे, ड्रिल दाखव'

भोसरीतल्या एका छोट्या शॉपमधलं हे दृश्य मला फार आवडतं. 304 च्या फ्लँजवर एम-6 चे आटे चालले होते आणि टॅप मध्येच करकरायला लागला. पोराने विचारलं, "मामा, नवा टॅप काढू का?"

"टॅप राहू दे. ड्रिल दाखव आधी."

मामांनी ड्रिल उजेडाकडे धरलं आणि बोटांत हळूहळू फिरवलं. कापणाऱ्या कडेवर एक बारीक पांढरी रेघ चमकली. "ही दिसली का? धार असती तर इथे काहीच चमकलं नसतं. धारेवर उजेड थांबत नाही. जिथे रेघ चमकते तिथे धार गेली म्हणून समज."

भिंग नाही, मायक्रोस्कोप नाही, आणि निदान शंभर टक्के बरोबर. धारदार कडेला रुंदीच नसते, त्यामुळे उजेड परतवायला जागाच नसते. झिजलेल्या कडेला इवलासा सपाट भाग येतो आणि तोच लकाकतो. पोराने ड्रिल बदललं, नवं भोक पाडलं आणि तोच जुना टॅप त्यात घातला. करकर गेली होती.

0.1 मिलिमीटरची जादू

एम-6 ला 5.0 चं ड्रिल, एम-8 ला 6.8, एम-10 ला 8.5. हे आकडे प्रत्येक फिटरच्या तोंडावर असतात, आणि माइल्ड स्टीलमध्ये ते उत्तम चालतात. पण एम-6 च्या आतल्या आट्यांना 6एच वर्गात आतला व्यास 4.917 पासून 5.153 मिलिमीटरपर्यंत चालतो. म्हणजे 5.1 चं भोकही पूर्णपणे नियमात बसतं! एम-8 ला ही मर्यादा 6.912 पर्यंत जाते, त्यामुळे 6.9 चं भोकही चालतं. एम-10 ला 8.676 पर्यंत, म्हणजे 8.6 बिनधास्त.

एवढ्याशा फरकाने काय होतं? 5.0 च्या भोकात आट्यांची खोली पूर्ण खोलीच्या 77 टक्के येते, 5.1 मध्ये 69 टक्के. टॅपला काढावा लागणारा धातू साधारण सहाव्या हिश्शाने कमी, आणि काढलेली बर मावायला जागा तेवढीच जास्त. आट्यांची ताकद मात्र नावापुरती घटते. शॉपमधला जुना ठोकताळा सांगतो की पूर्ण 100 टक्के खोलीचे आटे 75 टक्क्यांच्या आट्यांपेक्षा जेमतेम 5 टक्के बळकट भरतात, पण ते पाडायला तिप्पट जोर लागतो. शिवाय बोल्टच्या व्यासाइतकी किंवा थोडी जास्त लांबी आट्यांत गुंतली असेल, तर जादा ताणाखाली आधी बोल्टच तुटतो, आटे शाबूत राहतात. आणि सारा भार सगळ्या आट्यांवर सारखा पडतो हाही गैरसमजच. साध्या नट-बोल्टमध्ये पहिला आटाच जवळपास एक-तृतीयांश भार उचलतो. पंधरा-वीस आटे खोल जाऊन मिळत काहीच नाही, टॅपचं मरण तेवढं ओढवतं.

एक सावधगिरी मात्र हवी. हाताने धार लावलेल्या ड्रिलच्या दोन्ही कडा सारख्या नसतील, तर 5.1 चं ड्रिल 5.2 चं भोक पाडतं, आणि ते मर्यादेबाहेर गेलं. म्हणून भोक मोजा. पिन गेज असेल तर उत्तमच. नसेल तर 5.2 च्या कोऱ्या ड्रिलची शँक भोकात घालून बघा. ती सहज आत गेली तर गडबड आहे.

उष्णता जाते कुठे?

304 ची उष्णता वाहून नेण्याची क्षमता माइल्ड स्टीलच्या साधारण एक-तृतीयांश. ॲल्युमिनियमशी तर तुलनाच नको, तिथे फरक दहा पटींच्या पुढे जातो. कापताना तयार झालेली उष्णता जॉबमध्ये पसरत नाही, टॅपच्या धारेवरच साचते. वर हा धातू मोठा चिवट. गरम झाला की चिक्कीच्या पाकासारखा दातांना चिकटतो, मग त्या चिकटलेल्या गोळ्यासकट टॅप फिरतो आणि आटे मोठे, फाटके निघतात.

म्हणून वेग कमी. साध्या हायस्पीड टॅपला 304 मध्ये मिनिटाला 5 मीटर हा वेग सुरुवातीला ठीक. एम-6 साठी याचा अर्थ 265 फेऱ्या, एम-10 साठी 160. व्हीएमसीवर एम-6 चा पिच 1 मिलिमीटर, तेव्हा 265 फेऱ्यांना फीड 265 मिलिमीटर. यात कसर राहिली की टॅप स्वतःचेच आटे ओरबाडत जातो.

आणि तेल. इथे दुधाळ कूलंट बहुधा कमी पडतं, अस्सल कटिंग ऑइल लागतं. दातांवर प्रचंड दाब असतो, पाणी तिथून सटकतं, तेलाची फिल्म टिकते. गंधक किंवा क्लोरीन मिसळलेली तेलं धातूवर एक पातळ थर तयार करतात आणि चिकटणं रोखतात. काम झाल्यावर क्लोरीनचं तेल नीट धुऊन काढायचं, कारण उरलेलं क्लोरीन स्टेनलेसला डाग पाडतं.

आता एक झकास गोष्ट. वेल्लोरच्या व्हीआयटीमधल्या संशोधकांनी 304 वर टर्निंग करून तीन द्रवांची तुलना केली: दुधाळ इमल्शन, बाजारातलं कटिंग ऑइल आणि आपलं खोबरेल तेल. 2009 मध्ये छापून आलेल्या त्या निबंधात टूलची झीज आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा या दोन्हींत खोबरेल सरस ठरलं! ते काम टर्निंगचं होतं, टॅपिंगचं नव्हे, हे खरं. तरी टॅपला बोटभर खोबरेल लावणारे जुने फिटर भेटले की मला त्या निबंधाची आठवण येते आणि त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

बर वर की खाली?

टॅपवरच्या खाचांना बर बाहेर काढायचं काम असतं, आणि प्रत्येक टॅप ती वेगळ्या दिशेला पाठवतो. स्पायरल टॅप बर वर खेचून काढतो, म्हणून तो बंद भोकासाठी. गन टॅपच्या टोकाला तिरका काप असतो, तो बर पुढे ढकलतो, म्हणून तो आरपार भोकासाठी. गन टॅप बंद भोकात घातला की सगळी बर तळाशी कोंबली जाते, आणि तिच्यावर टेकताच टॅपचा निकाल लागतो. इतकं साधं आहे, तरी कपाटातून हाताला येईल तो टॅप उचलण्याची सवय काही जात नाही.

बंद भोकाचं गणित आणखी एका जागी चुकतं. एम-6 चे 12 मिलिमीटर खोल आटे हवेत, तर ड्रिल 12 वर थांबवून चालत नाही. टॅपच्या टोकाला उतरत्या दातांचा भाग असतो, तिथे आटे पूर्ण होत नाहीत. त्यात बर साठायला जागा हवी. 16-17 मिलिमीटर खोल जायला जागा असेल तर जाऊन टाका.

त्या उतरत्या भागाचीही मजा आहे. समजा तीन खाचांचा, अडीच आट्यांच्या उताराचा टॅप आहे. म्हणजे कापणारे साडेसात दात. 5.0 च्या भोकातून अर्धा मिलिमीटर खोल जायचंय, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला 0.07 मिलिमीटर. आता हातटॅपच्या सेटमधला पहिला नंबर घ्या. चार खाचा, सात आट्यांचा उतार, म्हणजे 28 दात, आणि प्रत्येकाला जेमतेम 0.02 मिलिमीटर. माइल्ड स्टीलमध्ये हे आरामाचं काम. 304 मध्ये मात्र इतका पातळ काप घेणारा दात त्या टणक कवचावरच घासत राहतो आणि मागच्या दातासाठी ते आणखी कडक करून ठेवतो. लांब उताराचा टॅप नेहमीच सौम्य पडतो, हा समज स्टेनलेसमध्ये खोटा ठरतो.

बरच नको असेल तर फॉर्म टॅप, म्हणजेच रोल टॅप. त्याला खाचा नाहीत, फार तर तेलासाठी बारीक चिरा. तो धातू कापत नाही, दाबून आट्यांच्या आकारात बसवतो. मऊ 304 तुटेपर्यंत 40 टक्क्यांहून जास्त ताणला जातो, म्हणून त्याला हे मानवतं. फक्त भोक मोठं हवं: एम-6 ला 5.0 नव्हे, 5.55! 5.0 च्या भोकात रोल टॅप घातला तर तो परत यायचा नाही. त्याच्या आट्यांच्या माथ्यावर एक बारीक फट दिसते. ती बघून इन्स्पेक्शनवाले माल परत करतात, पण ती त्या पद्धतीची जन्मखूण आहे, दोष नव्हे.

टॅपच्या रंगांबद्दल पटकन सांगतो. सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. निळसर करडा म्हणजे टायटॅनियम कार्बोनायट्राइड. काळा टॅप म्हणजे वाफेने ऑक्साइड चढवलेला, त्याच्यावर तेल धरून राहतं आणि स्टेनलेस चिकटत नाही. दिसायला सगळ्यात गरीब, पण हातटॅपिंगमध्ये माझी पसंती त्यालाच. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शॉपमध्ये दिसणारे 'टोटेम' टॅप वाळूजच्या एमआयडीसीतले, हेही अनेकांना माहीत नसतं.

कुठे तुटला, त्यावरून चोर पकडा

टॅप तुटला की तुकडे फेकू नका. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच गेला, तर भोक लहान आहे किंवा टॅप तिरका शिरलाय. तळाशी गेला, तर खोली कमी पडली किंवा बर कोंबली गेली. आत जाताना ठीक आणि उलटा फिरवताना तुटला, तर बरीचं मूळ धातूला चिकटून राहिलं होतं आणि परतताना ते दाताच्या पाठीमागे अडकलं. उताराच्या दातांचे टवके उडालेले दिसले तर संशयित एकच, कडक झालेली भिंत, म्हणजे पुन्हा ड्रिल. दातांवर चंदेरी गोळे चिकटलेले दिसले तर तेल बदला आणि वेग उतरवा.

गेजही असंच बोलतं. आतल्या आट्यांच्या गेजला दोन टोकं, गो आणि नो-गो. नो-गोवर लाल खूण असते आणि त्याचे आटे कमी. गो पूर्ण आत जायला हवं. नो-गो दोन फेऱ्यांपलीकडे जाता कामा नये. गो अडलं की लोक थेट टॅप झिजला म्हणतात, पण आधी तोंडावरची बर काढा आणि भोक पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. स्टेनलेस दाबल्यावर किंचित परत उसळतं, त्यामुळे झिजलेल्या टॅपचे आटे इथे लवकर लहान पडतात. म्हणून स्टेनलेससाठी 6एचएक्स खुणेचे टॅप मिळतात, ते मापाच्या वरच्या अंगाला बनवलेले असतात आणि झिजायला जागा ठेवतात. नो-गो आत गेलं, तर टॅपवर गोळे चिकटलेत, टॅप डुगडुगतोय किंवा फीड जुळत नाहीये. फक्त तोंडाशीच ढिलं आणि आत घट्ट असेल, तर सुरुवातीला हात हलला. एम-6 ला आट्यांच्या मधल्या व्यासात सगळी सूट 0.15 मिलिमीटरची आहे, ती एका तिरक्या सुरुवातीत संपते.

शत्रूचं मूळ गाव

स्टेनलेसचा जनक म्हणून शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीचं नाव घेतलं जातं. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात, त्यावर उपाय शोधताना 1913 मध्ये त्याने 12.8 टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं. पण ते मार्टेन्साइटी कुळातलं, चाकू-सुऱ्यांचं. आपल्या टॅपना छळणारं निकेलवालं कूळ जर्मनीतल्या एसेनचं. तिथे क्रुप कंपनीत बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी 1912 मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. जर्मन कारागीर आजही त्याला व्ही-टू-ए म्हणतात. आणि 18-8 हे नेमकं प्रमाण पुन्हा शेफिल्डचंच, ब्रिअर्लीच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफिल्डचं, 1924 सालचं.

टॅपच्या धातूची कथाही त्याच काळातली. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मौनसेल व्हाइट यांनी हायस्पीड स्टील घडवलं आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलं. टूलचं टोक लालभडक झालेलं आणि तरी कापणं चालूच! बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

कामच सोपं करायचं असेल तर ग्रेड बदला. 303 मध्ये मुद्दाम गंधक घातलेलं असतं, किमान 0.15 टक्के, आणि बर बारीक तुटून पडते. सोप्या कटाईच्या पोलादाला 100 मानलं तर 304 ला साधारण 45 गुण मिळतात, 303 ला 78 च्या आसपास. तोटा असा की 303 गंजाला थोडं हळवं आणि वेल्डिंगला नकोसं. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात जाणाऱ्या जॉबला ते नको. तिथे 2-3 टक्के मॉलिब्डेनमचं 316 हवं, कारण आट्यांच्या फटीत खारं पाणी साचतं, प्राणवायू पोचत नाही, क्रोमियमचा संरक्षक थर दुरुस्त होत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

अर्धा इंची नळ, पण अर्धा इंच कुठाय?

घरातल्या अर्ध्या इंची नळाच्या आट्यांना व्हर्नियर लावा. माप येतं 21 मिलिमीटरच्या जवळ, नेमकं सांगायचं तर 20.955. अर्धा इंच म्हणजे 12.7! तो अर्धा इंच जुन्या पाइपच्या आतल्या पोकळीचा, आणि नाव मात्र बाहेरच्या आट्यांना चिकटलं.

हे आटे 55 अंशांचे, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थचे. 1841 मध्ये त्याने इंग्लंडभरच्या वर्कशॉपमधले स्क्रू गोळा केले, सरासरी काढली आणि देशाला एक माप दिलं. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा आटा मांडला, कारण तो घडवायला आणि मोजायला सोपा. आजचे मेट्रिक आटे 60 चे. आपल्या भिंतीतले पाइप मात्र अजून व्हिटवर्थचेच.

यातून एक छळवादी घोटाळा होतो. अमेरिकन एनपीटी अर्धा इंच आणि आपला बीएसपी अर्धा इंच, दोन्हींना इंचाला 14 आटे. त्यामुळे परदेशी फार्मा किंवा डेअरी मशिनवरचं स्टेनलेस फिटिंग आपल्या फिटिंगमध्ये छान फिरतं, घट्टही होतं, आणि मग गळतं. कारण एक 60 अंशांचं, दुसरं 55 चं. माणूस आणखी टेफ्लॉन टेप गुंडाळतो, आणखी जोर लावतो, आणि स्टेनलेस जाम होतं. पाव इंचीत एकाला 18 आटे, दुसऱ्याला 19, तिथे निदान चूक लवकर कळते. फिटिंग आणायच्या आधी पिच गेज लावून कोन बघा.

तुटलेला टॅप काढायचा कसा?

टॅपचा कडकपणा रॉकवेल सी मापात 60 च्या वर. त्यात ड्रिल घुसवायचा प्रयत्न केला तर ड्रिलच जातं. तुकडा वर डोकावत असेल तर खाचांत बोटं घालणारा टॅप एक्स्ट्रॅक्टर मिळतो. अडकलेली बर आधी हवेने आणि सुईने काढा, तेल सोडा आणि पुढे-मागे थोडं थोडं हलवा.

घड्याळजींची एक सुंदर युक्ती आहे, तुरटीची. पितळेच्या भागात पोलादी स्क्रू तुटला की तो भाग तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. तुरटी पोलाद हळूहळू खाते, पितळेला सोडून देते. ॲल्युमिनियमलाही हे चालतं. हायस्पीड टॅप मात्र तुरटीला इतक्या सहज बधत नाही.

मग उरतं स्पार्क. 1943 मध्ये मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेन्को हे दांपत्य विजेच्या ठिणग्यांनी स्विचचे संपर्क का झिजतात हे शोधत होतं. ठिणगी धातू खाते, मग तिच्याकडूनच कापून का घेऊ नये, या विचारातून स्पार्क इरोजन जन्मलं. ठिणगीला धातू कडक आहे की मऊ याच्याशी देणंघेणं नसतं, वीज वाहते की नाही एवढंच तिला कळतं. आज औद्योगिक वसाहतींत तुटलेला टॅप काढून देणारी छोटी दुकानं याच तत्त्वावर चालतात. टॅपचा मधला गाभा जाळला की उरलेले तुकडे चिमट्याने निघतात, आटे शाबूत.

जॉब महागाचा असेल तर थ्रेड मिलिंग करा. कटर भोकापेक्षा बारीक असतो, तुटला तरी अडकत नाही, हाताने उचलून काढता येतो. आणि आटे गेलेच असतील, तर हेलिकॉइल. मोटरसायकलच्या हेडमध्ये प्लगचे आटे गेले की गॅरेजवाला जी स्प्रिंग बसवतो, तीच. ती तारही बहुतेक वेळा 18-8 स्टेनलेसचीच असते.

आटे उत्तम, तरी बोल्ट जाम

इथे टॅप, ड्रिल, तेल, सगळे निर्दोष. स्टेनलेस बोल्ट स्टेनलेसच्या आट्यांत इम्पॅक्ट गनने भर्रकन घातला, मध्येच थांबला, आणि ना पुढे ना मागे. दोन्हीकडचा क्रोमियमचा थर घासून निघतो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि थंडपणीच जुळून जातो. एकदा जुळला की जोर लावण्यात अर्थ नाही. कापायला लागतं.

उपाय मात्र स्वस्त आहेत. गन नको, हाताने सावकाश फिरवा. आट्यांना निकेल किंवा मॉलिब्डेनमची अँटिसीझ लावा. पण मग टॉर्क कमी करा, कारण घर्षण घटलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. बारीक पिचपेक्षा जाड पिच बरा. आणि बोल्टचं डोकं वाचा. ए2-70 म्हणजे 304 च्या कुळातला, दर चौरस मिलिमीटरला 700 न्यूटन ताण सोसणारा. ए4-80 म्हणजे 316 च्या कुळातला, 800 वाला. ए2 चा बोल्ट आणि ए4 चा नट अशी जोडी लावली की जाम होण्याचं प्रमाण कमी होतं. पर्चेस ऑर्डर लिहितानाच नटचा ग्रेड वेगळा मागवा, किंमत फारशी वाढत नाही, आणि साइटवर ग्राइंडर घेऊन बोल्ट कापत बसायची वेळ येत नाही.